टोचलेली अंजिरं

१२ एप्रिल

गेलं. काल संध्याकाळी ते अंजीर बोटाने दाबून पाहिलं होतं. अजून एक दिवस थांबावं असं वाटलं. सकाळी देठाला नुसतं साल लोंबत होतं, आतून चमच्याने कोरल्यासारखं. आणि बुलबुल भिंतीवर बसून चोच पुसत होता. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. अगदी नीट.

ताईला सांगणार नव्हते. पण तिची खाट मागच्या खोलीत, खिडकीला लागूनच. तिने सगळं पाहिलं होतं. म्हणाली, "माझ्याआधी त्याचा नंबर होता, सुईबाई. माणसाने रांगेत उभं राहावं."

तिने स्वतःहून मागितलं होतं म्हणून इतकं लागलं. माझ्याकडे राहायला आल्यापासून दुसरं काहीच मागितलेलं नाही. सूप उलटतं, दूध उलटतं, भात तर बघवतही नाही तिला. परवा झाडाचं पहिलं अंजीर सोलून फोडी करून दिलं. तिने खाल्लं आणि मी बादली धरून समोर बसले. बसूनच राहिले. काहीच झालं नाही. आत राहिलं ते! बादली तशीच कोरडी परत न्हाणीघरात ठेवली.

मग बाजारातून आणून पाहिली. आंबूस निघाली. उलटली.

१३ एप्रिल

तपासणी. पांढऱ्या पेशी फार उतरल्यात. पुढचं इंजेक्शन लांबवलं. पेशी वर आल्याशिवाय देता येणार नाही, आणि पेशी वर यायच्या तर पोटात काहीतरी टिकायला हवं.

मी अंजिराचं विचारलं. डॉक्टरबाई चांगल्या आहेत, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "द्या की. तुमच्या हाताने झाडावरून काढा, धुवा, साल काढा. फक्त अखंड हवं. पक्ष्याने टोचलेलं, फुटलेलं, खाली पडलेलं, अजिबात नाही. तुम्हाआम्हाला त्याने काही होणार नाही. यांना होईल."

ताई म्हणाली, "टोचलेलं म्हणजे किती टोचलेलं?"

"एवढुसंसुद्धा नाही."

परत येताना बसमध्ये ताई माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. डोक्याला बांधलेला रुमाल सैल झाला होता. मी तो नीट करत होते आणि मनात हिशेब चालला होता. अंजीर आत गेलं तर ताकद, ताकद आली तर पेशी, पेशी आल्या तर इंजेक्शन, इंजेक्शन मिळालं तर ताई. एका अंजिराने काय होतं हे मलाही कळतं. पण बाकीचं सगळं दुसऱ्यांच्या हातात आहे. झाड तेवढं माझ्या अंगणात आहे.

१५ एप्रिल

आंब्यासारखं नाही हे. आंबा कच्चा उतरवून अढीत घालता येतो. अंजीर काढलं की जिथल्या तिथे थांबतं. कच्चं काढलं तर कच्चंच राहतं, वर देठाचा चीक बोटांना खाजवतो. झाडावरच पिकू द्यायचं. मान टाकतं, जरा लवतं, अंगावर बारीक भेगा पडतात. तोच दिवस. आणि तो दिवस मला कळायच्या आधी पाखरांना कळतो.

आज जुन्या गाण्यांच्या सीडीच्या चकत्या दोऱ्याला बांधून फांद्यांना टांगल्या. उन्हात चमकतात. पाखरं बिचकतात म्हणे. भाऊजींचा जुना शर्ट काठीला घालून उभा केला. ताईला विचारूनच. ती म्हणाली, "घाल. हयातीत त्यांना कुणी घाबरलं नाही. आता बघू."

१६ एप्रिल

साळुंक्या चकत्यांत तोंड बघतात. एक भाऊजींच्या खांद्यावर बसली होती.

१८ एप्रिल

ताईला करमणूक झाली आहे. रेल्वे स्टेशनवर सगळी नोकरी काढली तिने, घोषणा करायची. गाडी कुठल्या फलाटावर, किती उशिरा. माणसं घरात तिचा आवाज ऐकून दचकायची, कुठेतरी ऐकलाय म्हणून. आता घसा बसलाय, हवाच जास्त आणि आवाज कमी. पण आज खिडकीतून सुरू केलं तिने — "कृपया लक्ष द्या. वरच्या फांदीवर येणारी साळुंकी नेहमीच्या वेळेवर येत आहे. खालच्या फांदीवरचं अंजीर रद्द करण्यात आलं आहे."

मी शिडीवर होते. हसू आलं आणि शिडी हलली.

खाली उतरले तर म्हणते, "तू कुणाच्या बाजूने आहेस ते कळलं. मी मात्र त्यांच्या बाजूने आहे हं."

मला राग आला. खरंच आला. मी इथे उन्हात करपते आहे ती कुणासाठी? पण ती दमून पडलीच होती तोवर.

आज पोटात काही टिकलं नाही.

२० एप्रिल

मी शिंपीण आहे आणि एवढं सुचायला इतके दिवस लागले! पिशव्या. प्रत्येक फळाला पिशवी. अस्तराच्या चिंध्यांचं गाठोडं भरून पडलं आहे. मलमल, पातळ सुती, जे हवा जाऊ देईल ते. तोंडाशी नाडी. सकाळभर मशिनवर बसून शिवल्या. गिऱ्हाइकाचा लग्नाचा झगा तसाच पडलाय. बाई चौकशीला आल्या तेव्हा मी त्यांच्याच कापडाच्या तुकड्याची पिशवी शिवत होते. त्या म्हणाल्या, "बाळाचं टोपडं का?" मी हो म्हटलं. कशाला समजावत बसा.

दुपारी सगळ्या चढवल्या. झाड कुणाकडे तरी जेवायला निघाल्यासारखं दिसतंय. गुलाबी, फिकट पिवळं, एक ठिपक्यांची.

ताईने बराच वेळ बघितलं. म्हणाली, "आईने आपल्याला असं कधी नटवलं नाही."

२२ एप्रिल

एक मिळालं. अखंड. ठिपक्यांच्या पिशवीतलं. अर्धं खाल्लं तिने. टिकलं.

२४ एप्रिल

पाखरांनी हात टेकले तर मुंग्या आल्या. नाडीच्या फटीतून आत. पिशवी सोडली आणि फळ काळं, हलतंय असं वाटलं. दुसऱ्यात घाम धरून बुरशी. तिसरं पिशवीसकट ओढलं कुणीतरी. पिशवी रंगारीकाकांच्या छपरावर सापडली. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो असा.

रंगारीकाका म्हणजे शेजारचे. घरं रंगवतात. पिशवी परत द्यायला आले तेव्हा हातभर पांढरा रंग लागलेला. झाडाकडे पाहून म्हणाले, "पाखरं आणि पाहुणे. एकदा चटावले की सुटत नाहीत." मग खिडकीशी पडलेल्या ताईकडे त्यांचं लक्ष गेलं आणि पाहुणे म्हटल्याचं वाईट वाटलं त्यांना. ताईनेच सांभाळून घेतलं. "मी लवकर जाणारी पाहुणी आहे, काका. काळजी नको."

त्यांना हसावं की नाही कळेना. मलाही.

२६ एप्रिल

भाच्याचा फोन. ताईचा मुलगा, एकुलता एक. लांबच्या शहरात असतो. रोज रात्री आईशी बोलतो, पण आज भर दुपारी मला फोन. आईचं वजन किती? मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, मी पाठवलेली पावडर देतेस ना?"

"देते. उलटते."

"आणि अंजीर देतेस."

"ते राहतं."

"कधीतरी अर्धं. मावशी, तिचं पोट भरत नाहीये आणि तू झाडाला टोपडी घालतेस. आई हसत हसत सांगत होती मला. मला नाही हसू आलं. मी तिला इकडे घेऊन येतो. इथलं इस्पितळ मोठं आहे."

मी म्हटलं तिला विचार. तो म्हणाला विचारलं, ती नाही म्हणते. "तूच सांग तिला. तुझं ऐकते."

माझं कधी ऐकलंय तिने?

फोन ठेवल्यावर तिच्याजवळ गेले. विषय काढला. ती म्हणाली, "तिकडे गेले तर त्याच्या घरातल्या भिंतीकडे बघत पडायचं. इथे निदान भांडणं बघायला मिळतात. तुझी आणि त्या बुलबुलाची."

मी जोर केला नाही. करायला हवा होता का? माझ्या मनात ती इथेच राहावी असं आहे, म्हणून तर नाही केला?

२८ एप्रिल

रंगारीकाकांनी जाळी आणून दिली. पातळ नायलॉनची, काळी. रंगाचे शिंतोडे पडू नयेत म्हणून पांघरतात ती नव्हे, कुठल्या तरी बागवाल्या गिऱ्हाइकाने टाकून दिलेली. दोघांनी मिळून अख्ख्या झाडावर पांघरली. खाली विटा ठेवल्या. जरा ढगळ झाली आहे, कडेला लोंबते. पण झाकलं गेलं सगळं.

चकत्या काढल्या. भाऊजींना घरात घेतलं.

३० एप्रिल

दोन! दोन्ही अखंड. एक सकाळी, एक दुपारी. दोन्ही टिकली. दुपारच्यानंतर अर्धी वाटी सूपसुद्धा गेलं.

बुलबुल जाळीच्या बाहेर भिंतीवर बसून होता. ताई त्याला म्हणाली, "गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

३ मे

आज वजन थोडं वाढलं. थोडं म्हणजे अगदीच थोडं, काट्याचीही चूक असू शकते असं इस्पितळातल्या नर्स म्हणाल्या. रक्तही बरं आलं तर पुढच्या आठवड्यात इंजेक्शन देऊ म्हणाल्या डॉक्टरबाई. भाच्याला फोन केला. त्याचा आवाज एकदम लहानपणचा झाला.

झगा पुरा केला. बाई खूश. मीही. मशिनवर गुणगुणत होते, ताईने मागून सांगितलं की बेसूर आहे.

५ मे

मी झगा पोचवायला गेले होते. तिथे फिटिंगमध्ये वेळ गेला. परत आले तर मागचं दार सताड उघडं.

ताई पायरीवर बसली होती. उन्हात. डोक्याचा रुमाल मांडीवर. माझी कापडाची कात्री हातात, आणि जाळीला हे एवढं भगदाड.

"बुलबुल लटकला होता गं," म्हणाली. "पाय अडकलेला. जितका ओढायचा तितकं आवळायचं. पंख पसरून उलटा. शेवटी शेवटी तर ओरडतही नव्हता. मी बघत होते खिडकीतून, म्हटलं आता तू येशील, आता येशील."

"रंगारीकाकांना हाक मारायचीस."

"माझी हाक भिंतीपलीकडे जाते का आता?"

अख्खं स्टेशन जिच्या आवाजावर हलायचं ती हे म्हणाली. मग तिचा हात दिसला. मनगटाच्या वर लाल रेघ. नखाची की चोचीची तिलाही माहीत नाही. म्हणाली, "घाबरलेलं होतं, ओरबाडणारच. सोडलं तेव्हा क्षणभर हातातच बसून राहिलं. मग गेलं. भिंतीवरून सरळ गेलं."

साबणाने धुतलं, औषध लावलं, पुन्हा धुतलं. आणि मग मी काय केलं? कात्रीवरून तिच्यावर ओरडले. कापडाची कात्री होती, जाळीवर चालवली, धार गेली. एवढंच ओरडता आलं मला. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "किती दिवसांनी ऊन लागलं अंगाला. तुझी कात्री मी धार लावून आणेन."

ढगळ जाळीत पाय अडकतात पाखरांचे. हे मला कळायला नको होतं? कापड ढगळ राहिलं तर कुठे अडकतं हे रोज सांगते मी गिऱ्हाइकांना.

भगदाड टाके घालून बंद केलं. दुसरं काय करणार?

६ मे

ताप नाही. हाताची रेघ सुकली आहे. एक अंजीर खाल्लं.

७ मे

सकाळी तिचा हात हातात घेतला आणि कळलं. थर्मामीटर लावायच्या आधीच कळलं. ताप आला तर एक मिनिट थांबायचं नाही, सरळ घेऊन यायचं असं सांगून ठेवलेलं. रंगारीकाकांनी गाडी काढली. मागे रंगाचे डबे गडगडत होते. ताईचे दात वाजत होते. काका आरशातून बघत होते आणि सारखं म्हणत होते, पोचलोच, पोचलोच.

आत घेतलं. वेगळी खोली. मला बाहेर बसवलं.

९ मे

तिचे कपडे न्यायला घरी आले. ताप उतरत नाही. दोन औषधं झाली, आता तिसरं लावलंय.

मागचं दार उघडलं आणि पाहतच राहिले. झाड पिकलंय. इतके दिवस एकेकासाठी जीव टाकला आणि आता एकदम. माना टाकून, भेगा पडून, जांभळी होऊन लोंबताहेत. जाळीच्या आत एकालाही चोच लागलेली नाही. काही जमिनीवर गळून पडली, तीही अखंड. जिंकले की मी.

भांडंभर काढली. का ते माहीत नाही. धुऊन, पुसून इस्पितळात नेली. नर्स दारातच म्हणाल्या, आत काही न्यायचं नाही. आणि काचेतून ताई दिसत होती. तिच्या तोंडात सगळीकडे फोड आलेत, थेंबभर पाणीही कापसाने लावतात.

भांडं घेऊन बाकावर बसले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना दिली. मग पलीकडच्यांना. वाटूनच टाकली सगळी. गृहस्थांनी दोन खाल्ली, बोटं चाटली. म्हणाले, "घरचं झाड? नशीबवान आहात."

१० मे

तसंच.

११ मे

भाचा आला. सरळ स्टेशनवरून इस्पितळात, बॅग खांद्यावरच. आईला काचेतून पाहिलं. मग वळून मला विचारलं, "जाळी कुणी लावली?"

"मी."

"आणि आई एकटी होती."

"हो."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पाण्याच्या यंत्राशी जाऊन उभा राहिला, पेला भरला आणि तसाच धरून राहिला. लहान असताना रुसला की असाच पाठ करून उभा राहायचा. तेव्हा मी मागून जाऊन गुदगुल्या करायचे.

डॉक्टरबाईंनी दोघांना बसवून सांगितलं. ओरखड्यामुळे असेलच असं नाही. अशा अवस्थेत ताप आतूनच येतो पुष्कळदा, माणसाच्या स्वतःच्या आतड्यातून. रक्तात जे जंतू सापडले ते तसलेच वाटतात. "कुणाचाही दोष नाही यात. आज ना उद्या हे होण्याची शक्यता होतीच."

त्याने मान डोलावली. मीही. दोघांनाही पटलं नाही हे दोघांनाही दिसलं.

घरी आल्यावर त्याला ताईच्याच खोलीत गादी घालून दिली. खिडकी बंद कर म्हणाला. सकाळी पाखरांचा आवाज नको.

१३ मे

ताप थोडा उतरला. आज मला आत जाऊ दिलं, तोंडाला पट्टी बांधून, हात धुऊन. ताई निम्मी झालीय. बोलायला लागली तर ओठ फुटतो.

मी म्हटलं, झाड भरून आलंय. तू ये घरी, मग बघ.

ती जराशी हसली. म्हणाली, "एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"चव लागत नाही मला. पहिल्या अंजिराची लागली. खरंच लागली, अगदी आपण लहानपणी भिंतीवर बसून खायचो तशी. नंतरच्या एकाचीही नाही. ओला कापूस खाल्ल्यासारखं."

"मग खात कशाला होतीस?"

"तू बादली घेऊन बसायचीस. ती रिकामी राहिली की तुझा चेहरा बघण्यासारखा व्हायचा." थांबली. श्वास घेतला. "त्यासाठी खाल्लीत. आणि टिकवायची म्हणजे काय कष्ट असतात तुला नाही कळायचं. डोळे मिटून नुसतं पडायचं, हलायचं नाही."

मी पट्टीच्या आत रडले. तिथे डोळे पुसता येत नाहीत, हात लावायचा नसतो. ती म्हणाली, "बघ, म्हणून सांगत नव्हते."

बाहेर भाचा होता. काय म्हणाली आई, विचारलं त्याने. मी म्हटलं, घरी यायचंय म्हणाली.

१५ मे

ताप गेला. पेशी वर येताहेत! डॉक्टरबाई सुट्टीवर आहेत, दुसऱ्या डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं. भाच्याने मला मिठी मारली. कितीतरी वर्षांनी. त्याच्या दाढीला बापाच्या दाढीसारखा वास येतो.

इतके दिवस तिथे बसून मी काय केलं असेल तर झाडाचा विचार. जाळी वाईट नव्हती, घालायची रीत वाईट होती. भोकं मोठी, आणि ढगळ. बारीक भोकांची हवी, फांद्यांना न टेकता, ताणून. म्हणजे पाखरू आलं तरी अडकणार नाही, टप्पा खाऊन जाईल.

भाच्याला सांगितलं. वाटलं, आता हा काय म्हणेल. तो म्हणाला, "काठ्या लागतील. चौकट करू."

केली आम्ही. आजची अख्खी दुपार. तो, मी आणि रंगारीकाका. चार कोपऱ्यांना काठ्या, वर आडव्या, त्यावर बारीक जाळी. मी कडेने दोरा ओवून ताणली, झग्याला चुण्या घालतात त्याच्या उलट. बोट मारलं की ढोलकीसारखी वाजते. भाच्याने मुद्दाम हाताचा पंजा अडकवून पाहिला. अडकला नाही. दोनदा पाहिलं त्याने. मग म्हणाला, "चव परत येते म्हणे. इंजेक्शनं संपली की. मी वाचलंय."

म्हणजे तिने त्यालाही सांगितलं होतं.

काका शिडीवरून म्हणाले, "आता त्या बुलबुलाने दुसरीकडे खानावळ बघावी." तिघेही हसलो. आपण हसतोय हे कळून जरा वेळाने थांबलो.

एकही फळ टोचलं जाणार नाही आता. एकही पाखरू मरणार नाही. इतकं सोपं होतं ते.

१७ मे

उद्या सोडणार तिला. तीन अंजिरं अगदी पिकायला आलीत, तिच्या खिडकीसमोरच. चादरी धुतल्या. कात्रीला धार लावून आणली.

१८ मे

आणलं घरी. निघताना भाचा गाडी बघायला पुढे गेला होता. डॉक्टरबाई परत आल्या आहेत. त्यांना मी पुढच्या इंजेक्शनची तारीख विचारली. त्यांनी सांगितली नाही. मला वाटलं, विसरल्या. म्हणून पथ्याचं विचारलं. तेच ना, साल काढून, धुऊन, अखंड?

त्या म्हणाल्या, "आता इंजेक्शनही नको, पथ्यही नको. त्यांना आवडेल ते द्या."

"टोचलेलंसुद्धा?"

"टोचलेलंसुद्धा."

दुपारी मी जाळी सोडवून काढली. ताई खिडकीतून बघत होती. का काढतेस, असं तिने विचारलं नाही.